सहीसाठी

लक्झेंबर्गच्या त्या गल्लीत
मार्गो वायडर्ट टपाल टाकते.
एका दारावर बेचाळीस पाट्या.
काचेतून दिसते एकच खुर्ची,
उंबऱ्यावर कुणीतरी विसरलेलं जिरेनियम.

त्यातल्या एका पाटीनं म्हणे
अर्ध्या युरोपाचं बोलणंचालणं विकलं.
नफा झोपायला इथे येतो.
अंथरूण कुठे दिसत नाही,
पाय मात्र पार समुद्रापल्याड.

आज रजिस्टर पत्र, करखात्याचं.
बेल वाजवते. पुन्हा वाजवते.
ढगात असतील सगळे.

तिचा कर पगाराआधीच कापलेला;
त्यातूनच हा दिवा, ही फरशी,
उद्या इथे पाय घसरलाच तर रुग्णवाहिका.

‘घेणारा नाही’ असा शिक्का मारते,
बाटलीतलं उरलेलं पाणी
कुंडीत ओतते.
खालून थोडं ओघळतं,
सहीसारखं, वेडंवाकडं.