जवर

बाबा बांबू फोडतात तसंच आहे हे:
आधी पेर पाहायचं, मग कोयता.
पार्-ले. दोन पेरं. बोलणे.
फि-नीर. दोन पेरं. संपवणे.
र मात्र घशातून काढायचा,
फोडणीचा ठसका लागावा तसा.

पाण्याच्या टाकीच्या सतराव्या पायरीवर
फोनला दोन कांड्या येतात.
तिथं बसून मी क्रियापदं चिरते.
खाली बाबांची सुपं वाळतात,
आणि देवांगनाकाकू वर मान करून विचारते,
"कोनासंग गोठी करतेस वो, पोरी?"

'ती बोलते' : एल पार्ल.
'त्या बोलतात' : एल पार्ल.
लिहिताना शेपटीला तीन अक्षरं, तिन्ही मुकी.
एक बाई बोलो की पन्नास,
कानाला एकच.

मला ग्रामसभा आठवली.
वहीत अंगठ्यांची रांग, कोरम पुरा,
शेवटच्या सतरंजीवर आई, काकू, फुलवंताआजी,
लिहिलेल्या,
उच्चारात नसलेल्या.

मग फोनमधल्या बाई म्हणाल्या, आता 'एमे' घ्या.
ए-मे. प्रेम करणे.
'ती करते' : ए-लेम.
'त्या करतात' : एल्-जेम.

हा मधला ज कुठून आला, बाई?
होताच तो, त्या म्हणाल्या,
'त्या'च्या शेवटी, गप्प.
शेजारी स्वर येऊन बसला, म्हणून बोलला.

जीवातला ज नाही तो, जत्रेतलाही नाही.
जवळ म्हणताना दातांमागं गुणगुणतो, तो ज.
आम्ही झाडीतले लोक जवर म्हणतो,
ळ आमच्या जिभेला वळत नाही.

मंगळवारी सभा होती.
मी पोरींच्या बाकावर गेले नाही.
मागं जाऊन सतरंजीवर बसले,
गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.
डेपोतल्या बांबूचा विषय वाचून झाला,
सचिवांनी पान उलटलं,
आणि मी हळूच म्हटलं, आई.

नुसते दोन स्वर. व्यंजन एकही नाही.

आईनं पदर सारखा केला.
"कार्डावर दोनशे लिवले," ती म्हणाली,
"भेटले किती, ते बी वाचा ना."
काकू म्हणाली, "हो ना."
आजीला ऐकू आलं नव्हतं,
तरी तीही म्हणाली, "हो."

सचिवांनी पान परत मागं घेतलं.

माझा त्या दिवशीचा तास बुडाला.
बाईंना कळवलं, नेटवर्क नव्हतं.