तीन कोपेक

तार्तूच्या या भागात गल्ल्यांना भाज्यांची नावं आहेत.
माझं दुकान वाटाणा गल्लीच्या टोकाला,
ओल पिऊन एका अंगावर कललेल्या
लाकडी घरात.

फेब्रुवारीत हेल्दूर आणि मायमू आले,
भाऊ-बहीण, दोघंही सत्तरीपुढची,
मध्ये एक खोकं.
त्यानं टोपीसुद्धा काढली नाही. म्हणाला,
हिनं वाटोळं केलं.
बॅगेत मावणाऱ्या त्या खेळण्यावर
अकरा वर्षं वाजवल्या माझ्या तबकड्या.
स्वस्तातली सुई. खाऊन टाकलं सगळं.

मायमू खोक्याचा सुटलेला कागद
अंगठ्यानं परत परत दाबत राहिली.

हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं
आणि मी गिऱ्हाईक बघून उत्तर देतो.
खिसा गरम असला तर, हो, खाते.
नसला तर, नाही हो, पुसून वाजवा.
दोन्ही खरं आहे, थोडं थोडं.
हिरा तो हिराच, स्वस्तातल्याला पैलू कमी.
भार बेताचा असला तर तो खाचेतून चालतो,
ओळखीच्या घरात माणूस अंधारात चालतं तसा.
झिजला की मात्र महागाचाही छिन्नी होतो.
आणि धूळ कुणाचीच भीड ठेवत नाही.

भिंगाखाली आधी तिची सुई धरली.
टोक गोल, शाबूत.
दर दोन वर्षांनी बदललेली,
पावत्या पिशवीत, रबर लावून.

मग तबकडी.
पहिली बाजू जवळजवळ कोरी.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं तेवढं करडं,
शाळेच्या जिन्यासारखं
मधोमध खोलगट.

हे कुणाच्या आवडीचं? मी विचारलं.

हेल्दूर खिडकीतून बर्फ बघू लागला.
मायमू पहिल्यांदाच बोलली:
एकाहत्तर साल. वरच्या मजल्यावर
नाचायचे हे सगळे.
फळ्या उसळायच्या, सुई उडायची,
मग यानं दांडीवर नाणं चिकटवलं.
तीन कोपेकांचं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात,
इथं अंगण खरोखरच वाकडं होतं.

तीन कोपेकांचं नाणं तीन ग्रॅमचं असायचं.
आमच्या त्या वेळच्या सुया आधीच जडशीळ.
बेरीज मी मोठ्यानं केली नाही.

हेल्दूरनं टोपी काढली.
उर्वेला आवडायचं ते, म्हणाला.
उर्वे कोण, ते मी विचारलं नाही.
मायमूला माहीत असावं,
ती खोकं बंद करत होती.

मी ते गाणं लावलं.
आधी पोह्याच्या कढईसारखं तडतडलं,
मग तडतडीच्या पलीकडून एक बाई
गात होती, अजून.
कुणीच ते मध्ये थांबवलं नाही.

अशीच एक द्या, तो म्हणाला, हिच्यासारखी.
नऊ युरो.
त्यानं सुट्टे मोजले, सावकाश,
काऊंटरवर एकेक नाणं ठेवत.
उचलताना
ते मला उगाच जड लागले.