किती वाजता सुरू झालं?

डॉक्टरबाईंनी विचारलं, किती वाजता सुरू झालं?
हे म्हणाले, आत्ताच, असेल दहा मिनिटं.
मी म्हटलं, एक पन्नास.
मला माहीत होतं, कारण मी घड्याळ पाहिलं होतं
आणि पाहून पडून राहिले होते.

घणसोली. तिसरा मजला, लिफ्ट नाही.
रात्री भरली वांगी झाली होती,
म्हणून पहिला आळ वांग्यांवर.
मग इनो. फेस बसेपर्यंत
दोघंही ग्लासाकडे बघत राहिलो,
जणू निकाल तोच देणार होता.
मग ओवा. मग डाव्या कुशीवरून उजव्या.
मग खिडकी उघडली, तर रबाळ्याकडचा
तो गोडसर, औषधी वास आत आला.
मार्गशीर्षातली रात्र, माझ्या अंगावर शाल,
आणि यांचं बनियन पाठीला चिकटलेलं.

जळजळतंय का?
जळत नाही गं. कुणीतरी बसलंय इथे.
आणि अख्खा तळवा छातीवर ठेवला.
तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस,
केसाच्या जाडीचा हिशेब ठेवणारा,
त्याला बोट ठेवून जागा दाखवता येईना.

तेव्हाच उठायला हवं होतं मी.
पण हे म्हणाले, कशाला लोकांची झोपमोड,
सकाळी बघू.
आणि मला ते पटलं. पटलं, हे लिहायला हवं.

मग म्हणाले, दाढ ठणकतेय, डावीकडची, खालची.

ती दाढ आम्ही गणपतीच्या आधी काढून आलो होतो.

एकशे आठवर एक मुलगी बोलली,
आवाज लहान, प्रश्न मोजके.
घाम आहे? श्वास लागतोय? हात जड?
त्यांना चालवू नका, म्हणाली, जिना तर नाहीच,
बसवून ठेवा, दार उघडून ठेवा.
इकडे हे कपाटात इस्त्रीचा शर्ट शोधत होते,
भाचीच्या लग्नातला.
दवाखान्यात का असं जायचं, म्हणे.

समोरचा सजी कुरियन लुंगीवरच आला.
खालून पाटकरांचा धाकटा.
प्लास्टिकच्या खुर्चीतून उतरवलं यांना,
प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडत गेलं.
मोडलेली ती सगळ्यांची झोप
दुसऱ्या दिवशी दुपारी ज्याला त्याला परत मिळाली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत.
एक पन्नास लिहिलं, खाली दोन पस्तीस,
दोन आकड्यांच्या मध्ये पेन जरासं थांबलं.
पंचेचाळीस मिनिटं.
तेवढ्यात डाळ शिजून कुकर निवतो.
तेवढ्यात हृदयाचा एक कोपरा जातो,
तो परत येत नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं,
हळू, खुर्ची जवळ ओढून.

आता हे दुसऱ्या मजल्यावर थांबतात.
मोबाइल पाहिल्यासारखं करतात.
मीही पिशवीत किल्ली शोधल्यासारखं करते.

फाल्गुनात माझी पाळी आली.
पहाटे तीन. छातीत फारसं नाही,
पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, आणि मळमळ.
मी ओव्याच्या डबीकडे हात नेला,
तर यांचा फोन लागलाही होता.

पट्टी काढली. रक्त घेतलं,
थांबवून पुन्हा घेतलं.
काही नाही, म्हणाल्या, पित्त आहे.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
एवढी माणसं उठवली, गाडी बोलावली,
आणि काय, तर पित्त!
डॉक्टरबाई हसल्या नाहीत.
काही नाही, हे कळायलाही इथेच यावं लागतं, म्हणाल्या,
पुन्हा वाटलं तर पुन्हा या.

रिक्षाने परतलो. खाडीच्या बाजूला उजाडत होतं,
यांनी टपरीवर रिक्षा थांबवली.
माझा चहा होईपर्यंत स्वतःचा धरून उभे,
हातात कप थरथरत होता. मला वाटलं, दुखतंय की काय.
नाही गं, म्हणाले, भ्यालो होतो.

फ्रिजवर आता एक कागद आहे.
एकशे आठ. सजीचा नंबर. फाइल कुठल्या खणात.
आणि तळाशी, ड्रॉइंगवर लिहायचे
त्या सरळ, सुट्या अक्षरात यांनी लिहिलंय:
वांग्यांना विचारत बसू नये.