चालेल एवढा दोष

जुबैलमध्ये आठ वर्षं माझं काम फिल्म बघण्याचं.
रात्री पाइपांच्या सांध्यांचे फोटो निघतात,
आजूबाजूची माणसं हाकलून, दोरी बांधून, पिवळा दिवा फिरवत.
सकाळी फिल्मा माझ्या टेबलावर:
काळ्या पट्टीत करडी पट्टी,
तिच्यात कुठे बुडबुडा, कुठे राख, कुठे केसाएवढी चीर.
मी भिंग लावतो, लाल पेन्सिलीनं गोल करतो.
भिंतीवर तक्ता आहे: एवढ्या जाडीला एवढा बुडबुडा चालेल.
चीर चालत नाही. कितीही बारीक असो.

सत्तार मुकादम, दाभोळचा, माझ्या वरच्या कॉटवर.
गुरुवारी रात्री आम्ही तोच एक सिनेमा लावतो,
त्याच्या मेहुण्यानं पेनड्राइव्हवर भरून दिलेला.
मधली अकरा मिनिटं त्यात आवाजच नाही,
ती आता आम्हीच बोलतो.
सुनेचं तो, सासऱ्याचं मी.

पोस्टमन घाट चढतो तेव्हा घंटा उजव्या मुठीशी,
वळणापलीकडे ती डावीकडे.
विहिरीतून भरली बादली येते, दोर कोरडा.
भिंतीवरच्या घड्याळात लग्न, बारसं, वाटणीचं भांडण,
सगळं दहा वाजून दहा मिनिटांनी.
थोरल्या सुनेच्या हातात चार बांगड्या,
दार उघडेपर्यंत पाच.
“दाराआड भरली असेल एखादी,” सत्तार म्हणतो.
तो तिच्या बाजूचा.
आणि आरशात एकदा, पापणी लवते एवढा वेळ,
कुणाचं तरी कोपर, बाही दुमडलेली.
त्यानं घरी सांगितलं असेल,
मी आहे त्यात, नीट बघा.

“तुला पिक्चर आवडतो की नाही?”
“आवडतो म्हणून तर.”
“मग गप बस ना, मेल्या.”
खरं सांगायचं तर न आवडलेल्या सिनेमात
मला आजवर एकही चूक सापडली नाही.
तिथं इतकं बघतो कोण?

शेवटाकडे म्हातारा मरतो.
पांढरी चादर, उशाशी दिवा, लेक पायांपाशी.
कॅमेरा थांबतो, थांबायला नको एवढा,
आणि चादर हलते.
थोड्या वेळानं अजून एकदा.
पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ओरडलोच, सापडला!
मागे नेऊन नेऊन तीनदा दाखवलं.
खोलीभर हसू. डाळ ढवळणारा खडका
पळी घेऊन धावत आला, त्याला चौथ्यांदा.

आश्विनात आप्पा गेले.
माझा परतीचा कागद कंपनीत कुठल्याशा सहीला अडकलेला.
ओगलेवाडीहून चुलतभावानं व्हिडिओ लावला,
फोन खुर्चीच्या पाठीला टेकवला, तिरका,
आणि तो माणसांत निघून गेला.
चादर पांढरी.
सवय माझी आठ वर्षांची.
दोन बोटांनी चित्र मोठं केलं, अजून मोठं,
चौकोन चौकोन फुटेपर्यंत.
एकदा हललं.
नेटवर्क होतं.
कुणाची तरी पाठ मधे आली, गेली. कुणीतरी विचारलं, मडकं कुठाय?
पंचेचाळीस मिनिटं मी बघत होतो.
कुठेही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहाला बस. बावीस सांधे तपासले,
त्यातले नऊ नापास केले. नंतर साहेबानं पुन्हा बघितले,
म्हणाला, यातले सहा तर चांगले आहेत, काय झालंय तुला?

त्या गुरुवारी सत्तारनं काही लावलं नाही.
नुसताच वरच्या कॉटवरून पाय सोडून बसला.
त्याच्या पुढच्या गुरुवारी मीच म्हटलं, लाव.
घाट, घंटा, पाचवी बांगडी. मी काही बोललो नाही.
तोच बोलला, “दोर बघ, कोरडा.”
म्हाताऱ्याचा दिवा आला तसा त्यानं रिमोट उचलला,
पुढे ढकलायला.
मी त्याचं मनगट धरलं.

कॅमेरा थांबला.
बाहेर एसीचं पाणी डब्यात टपटपत होतं.
“हलली,” सत्तार म्हणाला, हळूच.
मी म्हटलं, “मागे घे.”