ऐंशी

सरळ रस्त्यावर काही नाही, टिअर्नन म्हणतो,
फक्त वळताना अडते.
ग्लेन्गेश घाटातल्या दुसऱ्या हेअरपिनला
स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी नाक पुढेच,
कुंपणापलीकडच्या मेंढीकडे.
एस्कॉर्ट, अठ्ठ्याहत्तर सालची, पांढरी.
रविवारी शर्यतीला लावायचीय त्याला.
आज गुरुवार.

मी तिला जुन्या डेअरीच्या अंगणात घेते,
जिथे एके काळी दुधाचे कॅन उतरवत.
पहिला गिअर, हलका पाय,
आधी डावीकडून गोल, मग उजवीकडून.
मागचं आतलं चाक चिवचिवतं:
रबर काँक्रीट धरतं, सुटतं, परत धरतं,
माझ्याखालची सीट लंगडी घालते.

वळणात बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा,
आतल्याला जवळचा.
डिफरन्शिअलनं दोघांना आपापल्या हिशोबानं जाऊ द्यायचं,
आणि एक घसरलंच तर दुसऱ्याला ओढायला लावायचं.
इथे मात्र दोघं एकाच दाव्याला बांधलेली.

आधी टायरवर संशय. दोरा लावून घेर मोजते,
डाव्याचा, उजव्याचा: तीन मिलिमीटर. त्यानं काय होतंय.
हँडब्रेकची केबल सैल.
बेअरिंग गप्प.
मग तेलाचा प्लग काढते.
काळं, जळक्या वासाचं, पडायला आळशी;
चुंबकावर राखाडी लोणी, पण कपची नाही, तुटका दात नाही.
कोणी भरलं हे, मी जरा मोठ्यानंच विचारते,
प्लेट्ससाठीचं औषध घातलेलं दिसत नाही,
हल्ली कोणी बाटलीवरचं वाचत नाही.
टिअर्नन चहाच्या मगात बघतो.
तूच, डर्व्हला. जानेवारीत.

जानेवारीत. बरं.

नवं तेल, औषधाची अख्खी बाटली, अंगणात वीस फेऱ्या.
चिवचिव तशीच.
शेजारच्या कुत्र्यानं आता भुंकणंही सोडलंय.

एक चाक जमिनीवर, एक हवेत, गिअर न्यूट्रल.
मोकळ्या चाकाच्या बोल्टांवर पट्टी,
पट्टीच्या मध्यावर टॉर्क पाना,
नवा, गेल्या महिन्यातला, काचेत आकडे दाखवणारा.
ओढते. साठ. ऐंशी.
इथे हलायला हवं. कागदावर ऐंशी लिहिलंय,
माझ्याच अक्षरात, शेजारी बरोबरची खूण.
नव्वद. शंभर. मानेची शीर ताठ.
एकशेआठला चाक कण्हतं आणि सरकतं.

परत. एकशेआठ.
दुसऱ्या बाजूनं. एकशेआठ.

झिजलेली वस्तू इतकी नेमकी नसते.
झीज कधी सत्त्याण्णव म्हणते, कधी एकशेवीस,
कधी काहीच म्हणत नाही आणि भर घाटात मोडते.
हे कोणीतरी मोजूनमापून केलंय.

भिंतीवर, खिळ्याला, वडिलांचा पाना.
चाळीस वर्षं ट्रॅक्टरची चाकं आवळली त्यांनी त्यानं.
त्याच्या मुठीजवळचं एकक कधीच पुसून गेलंय;
तो फूट-पौंडात बोलतो,
न्यूटन-मीटर त्याच्या गावचे नाहीत.
जानेवारीत मीच उचलला होता, हाताला बसतो म्हणून.
मी ऐंशी मागितले, त्यानं ऐंशी दिले.
त्याचे ऐंशी.
कॅलेंडरच्या पाठीवर गुणाकार मांडते,
एक पॉइंट तीन पाच सहा,
आणि बेरजेच्या रेघेवरच थांबते.

टिअर्ननला म्हणते, माझी चूक. पैसे नाहीत.
रविवारी? तो विचारतो.
शनिवारी रात्री ये.
एवढ्यात त्याचा चहा संपतो, किंवा तो तसं दाखवतो.

शुक्रवारभर डिफरन्शिअल टेबलावर उघडं,
रेडिओ बंद.
जाड शिम काढून पातळ घालते,
कांद्याच्या सालीएवढा फरक.
बसवते, ओढते: एक्याऐंशी.
राहू दे.
अंगणात फेरी. चाकं आपापल्या वाटेनं.
कुत्रा उठून बसतो, काय बिनसलं म्हणून.

मग चिकटपट्टीवर 'पौंड' लिहून
वडिलांच्या पान्याला लावू बघते.
धरत नाही.
इतकं वंगण मुरलंय त्यात.