बावीसवर ठेवलंय

लुणावतांनी काउंटरवर तीन काचा मांडल्या,
महात्मा गांधी रोडवर, शनिवारी दुपारी,
साड्या मांडतात तशा,
आणि म्हणाले, हात लावून बघा, ताई.

हात लावून बघायचाच तर प्रश्न होता.

पहिली सात इंची. अंगठा मधल्या शत्रूपर्यंत
पोचायच्या आत आपण मेलेलो.
दुसरी स्वस्त, दाबून चालणारी :
नख टेकवा, जोर लावा,
मग ती विचार करते, मग ऐकते.
तिसरी पाच इंची. रंग ठीक,
बाजूनं पाहिलं की काळा जरा जांभळा होतो,
पण खेळणारा बाजूनं बघतो कुठे.
परत घेणार नाही, लुणावत म्हणाले, काच आहे.
तिसरी घेतली. बिलावर त्यांनी लिहिलं : टीव्ही पार्ट.

घरी, जेलरोडला, ओट्याशेजारच्या टेबलावर
रिबन केबल सरकवली. तिची कडी नखाएवढी
आणि हट्टी.
पहिल्यांदा उलटी बसली, पडदा पांढरा.
दुसऱ्यांदा चित्र आलं, पण
वर बोट ठेवलं की खाली उमटे,
डावीकडे ओढलं की उजवीकडे पळे.
आरशात बघून भांग पाडणाऱ्या बाईला
याचं काय एवढं. दोन ओळी बदलल्या.

मग चाचण्या.
पाच बोटं एकदम : चार उमटली, अंगठा रुसला.
चार्जर लावला की भूत शिरे,
कोणी नसताना कोपऱ्यात टिचक्या.
चार्जर बदलला, भूत गेलं.
ओलं बोट. पिठाचं बोट.
बाल्कनीतून आणलेलं पहाटेचं बोट, सात अंशांतलं,
ते तिनं ओळखलं, जरा उशिरानं.
चिवड्याचं तेलकट बोट सर्वांत महत्त्वाचं,
कारण हे यंत्र शेवटी तसंच वापरलं जाणार.
सातपूरला कंपनीत मीटरच्या काचा तपासताना
लिहिते, तसंच वहीत लिहीत गेले :
ठीक, ठीक, नापास, ठीक.

तेवढ्यात अण्णा आले. मी बघू?

अण्णांनी चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव मोजले.
कोऱ्या कागदानं घासून घासून
बोटांवरच्या रेषा नेल्या.
रेशनचं यंत्र त्यांना ओळखत नाही.
हयातीच्या दाखल्याला दर नोव्हेंबरात
ते अंगठा टेकवतात, फुंकर मारतात,
धोतराला पुसतात, पुन्हा टेकवतात,
आणि तो पोरगा म्हणतो, आजोबा, दुसरं बोट.
दहाही संपतात.
मग डोळा.

त्यांनी काचेवर बोट ठेवलं.
काही नाही.
हिच्याही लेखी मी नाही, ते हसून म्हणाले,
आणि हात मागे घेतला
दुसऱ्याच्या ताटाला चुकून लागल्यासारखा.

क्षणभर ती दुसरी आठवली, दाबून चालणारी.

थांबा, म्हटलं.
ही रेषा विचारत नाही, अण्णा.
नाव नाही, नंबर नाही.
हिला एवढंच कळतं की पाण्यामिठाचं
काहीतरी जवळ आलंय.
किती जवळ आलं की मोजायचं,
त्याचा एक आकडा असतो एका फायलीत.
कारखान्यातून चाळीस आलेला.
मी पस्तीस केला. तीस.
ते दर वेळी बँकेतल्यासारखा
अदबीनं, अंगठा सपाट करून ठेवत.
असं नाही, कॅरमला मारता तशी टिचकी.
सव्वीस.
बावीसला उमटलं.

निळा ठिपका, बोटामागे शेपटी ओढत.
आधी एक रेघ मारली त्यांनी.
मग सही केली, गायधनी,
शेवटची वेलांटी पेन्शनच्या कागदावर असते तेवढी लांब.
मग म्हणाले, यात तो साप असतो का,
जुन्या फोनमधला?

बावीसवर पाण्याचा थेंब उडाला तरी गोळी सुटते.
कंपनीत असा नग मी बाजूला काढला असता.
वहीत लिहिलं : ठीक.
खाली, बारीक अक्षरात :
चार्जर काढून खेळावे.