पंधरा किलो

छोट्या विमानात माणशी पंधरा किलो,
बॅग मऊ हवी, चाकं नकोत.
म्हणून माझगावच्या रद्दीवाल्याकडे गेलो.
जाणार तिघी, पण गेलो चौघी.
त्यानं पेपरांचा गठ्ठा उतरवून
फिलोमिनाची बॅग काट्यावर ठेवली.
अठरा किलो सातशे.
"काय भरलंय बाई, तिकडे जेवायला देत नाहीत?"
"देतात," रेहाना म्हणाली, "पण आधी सिंहाला."
सुक्या जवळ्याची चटणी बाहेर निघाली.
तिच्या वासानं तरस तंबूत येईल,
असं कुंदानं कुठंतरी वाचलं होतं.
कुंदानं सगळंच वाचलं होतं.
नदी कोणत्या आठवड्यात ओलांडतात,
गाईडला टिप किती, खाकी का, निळा का नाही
(निळ्यावर म्हणे माश्या येतात).
दोनशे पानी वही, मार्जिन आखलेलं.
पहिला हप्ता भरायच्या दिवशी म्हणाली,
"मला नाही जमायचं गं, घरी जरा अडचण आहे."
अडचण म्हणजे मुलाचं कर्ज.
आम्ही तिघींनी मिळून भरतो म्हटलं
तर वही आमच्याकडे सरकवून
चहा टाकायला आत गेली.

पिवळ्या तापाची लस घ्यायलाही आली सोबत.
रांगेत सगळे खलाशी, कोवळ्या मिशांचे.
एकानं अदबीनं विचारलं, "मावशी, कुठलं जहाज?"

खरं तर आफ्रिका आम्हांला जुनी.
परदेशी ट्रंक कॉलच्या बोर्डावर
रात्रपाळीला चौघी ओळीनं बसायचो,
कानावर हेडफोन, हातात दोरी.
"मोम्बासा, मुंबई कॉलिंग."
मग खरखर. समुद्राएवढी लांब खरखर.
आणि पलीकडे कुणाचा तरी भाऊ.
मशीद बंदरचा व्यापारी लवंगांचा भाव विचारायचा,
एक बाई नुसती रडायची,
तिची तीन मिनिटं रडण्यातच जायची.
आम्ही घड्याळ बघून मध्येच बोलायचो,
"थ्री मिनिट्स ओव्हर. वाढवायची का?"
कुंदा मात्र त्या बाईला
कधी साडेतीन द्यायची, कधी चार,
आणि वरचा मिनिट कुठंच लिहायची नाही.

तर रविवारी रेहानाच्या हॉलमध्ये
जेवणाच्या खुर्च्यांची जीप केली.
पुढे दोन, मागे दोन.
खिडकी कोणाला यावरून भांडण झालं,
जिथे खिडकीच नव्हती तिथे.
कुंदा आपणहून ड्रायव्हरच्या जागी बसली,
ओढणीचा फेटा बांधला,
म्हणाली, "सिंह आला की बोलायचं नाही.
तुम्हांला ते येत नाही. चला, सराव.
तीन मिनिटं."

पहिल्या मिनिटाला फिलोमिना दोनदा हसली.
मग खरंच शांत झालं.
शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी.
लिफ्ट कुणाला तरी दार लावायला सांगत होती.
गोदीकडून एक भोंगा, जाड, हळू,
आणि गॅलरीतला कावळा
आमच्याकडे बघत होता,
की हे कुठलं जनावर.
मी समोर बघत होते.
समोर कुंदाची पाठ.
ब्लाउजला मागे एक टाका वेगळ्या रंगाचा.
छत्तीस वर्षं तिच्या शेजारी बसले,
पाठ कधी बघितलीच नव्हती.
ती स्टिअरिंगसारखं ताट धरून
हलकेच वळवत होती,
जणू खड्डा चुकवते आहे
मागे बसलेल्यांना धक्का लागू नये म्हणून.
रेहानानं माझा हात दाबला.
मला वाटलं, आता कोणीतरी बोलणार.
कोणी बोललं नाही.

कुंदानं मनगट वर केलं,
मागे न बघता, बोर्डावरच्याच आवाजात म्हणाली,
"थ्री मिनिट्स ओव्हर.
वाढवायची का?"